दहा वर्षांचा लिंबूटिंबू

पत्र (थोडक्यात) :

सिस्टर, नमस्कार. आम्ही बार्शी तालुक्यातले. माझा मोठा मुलगा दहा वर्षांचा आहे, पाचवीत शिकतो. जन्मतःच लघवीच्या वाटेत पडदा होता. तिसऱ्या महिन्यात ऑपरेशन झालं, पण तोवर दोन्ही किडन्या खराब झाल्या होत्या. इतकी वर्षं औषधांवर निभावलं. आता सव्वा वर्ष झालं, पोटाचं डायलिसिस मी घरीच करते, दिवसातून तीन बॅगा, पोटातल्या नळीने पाणी सोडायचं आणि काढायचं. लघवी अजून भरपूर होते, रात्री दोनदा तरी उठतो. सूज कधी नसते.

त्याची उंची ११४ सेंटिमीटर, वजन १८ किलो. धाकटी आठ वर्षांची, ती १२६. माझी उंची १५२, ह्यांची १६५. मागच्या महिन्यात एका लग्नात कुणीतरी मुलीला विचारलं, "हा तुझा धाकटा भाऊ का गं?" तेव्हापासून तो तिच्या शेजारी उभा राहत नाही. शाळेत खेळताना मुलं त्याला लिंबूटिंबू धरतात. स्नेहसंमेलनात बाईंनी त्याला पहिलीच्या मुलांबरोबर ससा केलं.

घरात सगळे म्हणतात, एकदा किडनी बसू दे, उंची आपोआप वाढेल. सासूबाई किडनी द्यायला तयार आहेत, तपासण्या चालू आहेत, पण वर्ष तरी जाईल. डॉक्टरांनी उंचीच्या इंजेक्शनचा विषय एकदा काढला होता. पण नणंदेच्या मिस्टरांनी मोबाइलवर वाचलं की ते मेलेल्या माणसाच्या मेंदूतून काढतात, आणि किडनी अजून खराब करतात. पथ्य मी कडक पाळते. डाळ-दूध बंद, मीठ बंद, पाणी मोजून अर्धा लिटर. तरी पोरगं वाढत नाही. माझं काय चुकतंय? रिपोर्टचे फोटो जोडते.

(खाली पेन्सिलीने, वेगळ्या अक्षरात : मी कबड्डी खेळू शकतो का?)

उत्तर :

ताई, पत्र दोनदा वाचलं. रिपोर्टचे फोटो मोठे करकरून वाचले, एक तर आडवा होता, मान वाकडी करून वाचला. मी डॉक्टर नाही, हे आधी सांगते. मुलांच्या किडनी वॉर्डात २६ वर्षं सिस्टर होते. इथे लिहिते ते तुमच्या डॉक्टरांपुढे नेऊन ठेवायचं. आपल्या मनाने एक गोळीही बदलायची नाही.

आता, तुमचं काय चुकतंय. दिवसाला तीन बॅगा, हात धुणं, मास्क, वजनाच्या नोंदी, सव्वा वर्षात पोटात एकदाही जंतुसंसर्ग नाही. वॉर्डातल्या आम्ही पगारी माणसांनी हेवा करावा असं काम आहे हे. चुकलं असेल तर इतकंच, की उंचीचं काम सगळ्यांनी मिळून 'नंतर बघू'वर टाकलंय. किडनी मिळेल, मग बघू. पण हाडं थांबून राहत नाहीत. वाढायची त्यांची मुदत ठरलेली असते.

आमच्या वॉर्डातही एक वाक्य होतं, 'आधी जीव, मग उंची'. नव्वदच्या दशकात ते खोटंही नव्हतं, मूल जगवायचीच मारामार असायची. त्या वेळचा एक मुलगा मध्यंतरी जुने कागद शोधत माझ्या घरी आला. त्याला दिव्यांगत्वाचा दाखला काढायचा होता. २०१६ च्या कायद्याप्रमाणे आजारामुळे प्रौढपणी उंची १४७ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी राहिली, तर तो मिळू शकतो. ह्याची १३८. वडिलांनी दिलेली किडनी छान चालू आहे, नोकरी आहे. चहा पिताना सांगत होता, एसटीत कंडक्टर अजून कधी कधी अर्धं तिकीट फाडतो, हा काही न बोलता पूर्ण तिकिटाचे पैसे पुढे करतो. मग म्हणाला, "सिस्टर, तेव्हा माझी उंची कोणी मोजायचं का?" म्हटलं, मोजायचो की. खरंच मोजायचो. आकडा फाइलमध्ये लिहायचो आणि फाइल मिटायचो.

म्हणून मोजण्यापासूनच सुरू करू. तुम्ही पाठवलेल्या पानावर जूनमध्ये ११३, सप्टेंबरमध्ये ११६ आणि डिसेंबरमध्ये ११४ असं लिहिलंय. पोरगं थंडीने दोन सेंटिमीटर आटलं का? मधल्या वेळी कुणीतरी चपलेसकट उभं केलं असणार. घरी करायचं ते असं. अनवाणी, सपाट फरशीवर, भिंतीला टाच, ढुंगण आणि पाठ टेकवून उभा राहू दे. नजर समोर. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक ठेवायचं, त्याची एक बाजू भिंतीला घट्ट चिकटलेली हवी, आणि खालच्या कडेला पेन्सिलीची रेघ. फरशीपासून रेघेपर्यंत लोखंडी टेपने मोजा, शिवणकामाची टेप ताणली जाते. नेहमी सकाळीच मोजा, कारण दिवसभरात मणके दबून संध्याकाळी सेंटिमीटरभर उंची कमी भरते. तीन महिन्यांतून एकदा पुरे. रोज मोजलं की रोजच रडू येतं. वजन करताना पोटातलं पाणी काढून मगच काट्यावर उभा करा, नाहीतर ८०० ग्रॅमचा आनंद फुकटचा.

हे आकडे तक्त्यावर मांडायला सांगा. पाच वर्षांपुढच्या भारतीय मुलांसाठी इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचे २०१५ चे तक्ते आहेत, पुण्यातल्या खाडिलकर डॉक्टरांचं त्यात मोठं काम आहे. ११४ ही साधारण सहा वर्षांच्या मुलाची उंची. तुमचा मुलगा तक्त्यातल्या सगळ्यात खालच्या रेषेच्याही खाली आहे, हे तुम्हाला दिसतंच आहे. त्याहून कामाची गोष्ट वेगाची. निरोगी मूल या वयात वर्षाला ५ ते ६ सेंटिमीटर वाढतं. तुमच्या जुन्या फाइलवरून मी हिशेब केला, याची वाढ गेल्या वर्षात जेमतेम दोन. आणि तुम्हा दोघांच्या उंचीवरून काढायचं तर दोन्ही उंचींत १३ मिळवून निम्मं करतात, म्हणजे १६५. निरोगी असता तर बापाइतका झाला असता. घराण्यातच उंची नाही, असं कुणी म्हणालं तर हा आकडा सांगा.

थोडं मागचंही सांगते, कारण तुम्ही स्वतःला बोल लावताय. मूल जन्मतः ५० सेंटिमीटरच्या आसपास असतं. पहिल्या वर्षात ते २५ ने वाढतं, दुसऱ्या वर्षात १२ च्या आसपास. इतकी धाव पुढे आयुष्यात परत नाही. जन्मतःच किडनी दुखावलेल्या मुलांचं निम्मं नुकसान त्या दोन वर्षांतच होऊन बसतं. तुमच्या हातात ते नव्हतं. पुढचं मात्र बऱ्यापैकी आहे.

आता पथ्य. इथे मी जरा कडक बोलणार आहे.

तुम्ही लिहिलेला त्याचा दिवसाचा आहार मी कागदावर मांडला. सकाळी कोरा चहा आणि चार बिस्किटं, दुपारी अर्धी भाकरी आणि उकडलेला दुधी, चार वाजता वाटीभर चुरमुरे, रात्री बिनमिठाचा भात. बेरीज सहाशे कॅलरींच्या आसपास येते. पोटात सोडता त्या पाण्यात साखर असते, ती अंगात मुरून थोडीफार भर घालते, पण तीच त्याची भूकही मारते. त्याला हव्यात बाराशेच्या वर. म्हणजे पोरगं निम्म्या पोटावर जगतंय. आईच्या घरात, आईच्या हातचं खाऊन. हा कडकपणा तुम्हाला कुणी शिकवला ते मला माहीत आहे. शेजारच्या काकांना किडनीचा आजार असतो, त्यांना डाळ कमी करायला सांगितलेलं असतं, आणि तो कागद गावभर फिरतो. काकांना वाढायचं नाहीये. लहान मुलाला त्याच्या वयाच्या निरोगी मुलाइतकी प्रथिनं लागतातच, आणि पोटाच्या डायलिसिसवर असेल तर थोडी जास्तच, कारण रोज काढून टाकता त्या पाण्याबरोबर प्रथिनंही वाहून जातात. रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रथिन, २.९ च आहे. ते डाळ बंद केल्याचं दिसतंय.

अंडं चालत असेल तर पांढरा भाग हे या मुलांसाठी सोनं आहे. प्रथिनं भरपूर, फॉस्फरस नाममात्र. वरण परत सुरू करायचं का, किती, दूध-दही किती, हे आहारतज्ज्ञांकडून वाटीच्या मापात लिहून घ्या. ग्रॅममध्ये लिहून दिलं तर परत पाठवा, स्वयंपाकघरात ग्रॅम कोण मोजतं? कॅलरी वाढवायला आपल्याकडे युक्त्या पुष्कळ. भाताच्या मुदीत तूप लपवायचं, भाकरीला चोपडायचं. तूप-साखरेचा रव्याचा शिरा निम्म्या वाटीत अर्ध्या जेवणाचं काम करतो आणि त्यात पोटॅशियम-फॉस्फरसचा त्रास फार नसतो. थोडं थोडं, सहा वेळा. बॅग भरल्या भरल्या जेवायला बसवू नका, पोट आधीच तट्ट असतं. पाणी काढलं की लगेच दोन घास, मग नवी बॅग, असं करून बघा. आमच्याकडच्या कितीतरी मुलांचं जेवण एवढ्यानेच वाढलं होतं.

बिस्किटं मात्र कमी करा. पाकिटातल्या वस्तूंत घातलेला फॉस्फरस जवळजवळ सगळा रक्तात जातो, डाळीतला तितका जात नाही. चीज, कोला, झटपट नूडल्स तर नकोतच. पोटॅशियम ४.२ आहे, म्हणजे फळं पार बंद करायची वेळ नाही, किती आणि कोणती ते विचारून द्या. एक फळ मात्र कायमचं वर्ज्य, कमरख. आंबट-गोड चांदणीसारखं दिसतं, मुलं हौसेने खातात, आणि किडनीच्या रुग्णाला त्याने फिट येते, जीवही जाऊ शकतो.

एवढं करूनही तोंडाने पुरेसं जात नसेल तर नाकातून बारीक नळी घालून रात्री झोपेत दूध-पावडरचं मिश्रण देतात. आयांना नळीचं नाव काढलं की धसका बसतो. मला विचाराल तर रोज ताटावर बसून रडारड करण्यापेक्षा नळी बरी.

मिठाचं वाचून तर मी कपाळाला हात लावला. सूज असलेल्या, बीपी वाढलेल्या मुलाला मीठ कमी करतात, बरोबर आहे. तुमच्या मुलाचा आजार वेगळ्या जातीचा. लघवीच्या वाटेतल्या पडद्यामुळे बिघडलेल्या किडन्यांना पाणी आणि मीठ धरूनच ठेवता येत नाही. म्हणून भरपूर लघवी, म्हणून रात्री उठणं. त्यात डायलिसिसच्या पाण्यातूनही मीठ जातं. रक्तातलं सोडियम १३१, बीपी ९०/५८, सूज नाही. हे सगळं एकच सांगतंय, की याच्या अंगातलं मीठ कमी पडतंय. आणि मीठ कमी पडलं की मूल वाढत नाही, कितीही खाऊ घाला. अशा काही मुलांना उलट मीठ गोळ्यांच्या रूपाने द्यावं लागतं. पाण्याचंही तेच. दीड लिटर बाहेर टाकणाऱ्या मुलाला अर्धा लिटरवर ठेवायचं कुणी सांगितलं, हे मला कळलं नाही, आणि बहुतेक कुणी सांगितलेलंच नाही. तरी उद्या सकाळी मुठीने मीठ घालू नका. डॉक्टरांना हे तीन आकडे दाखवून सरळ विचारा, "याचं मीठ-पाणी मोकळं करायचं का, आणि किती?"

आता रक्तातली आंबटाई. बायकार्बोनेट १८ आहे, निदान २२ हवं. किडनी आम्ल बाहेर टाकत नाही, मग शरीर ते विझवायला हाडांतला चुना वापरतं आणि स्नायूही मोडतं. घराच्या पायातल्या विटा काढून वरचा मजला बांधण्यातला प्रकार. त्यावरचा उपाय सगळ्यात स्वस्त, सोडाबायकार्बच्या गोळ्या. तुमच्या चिठ्ठीत त्या आहेत. पोटात जातात का? खारट, साबणासारखी चव असते त्यांची. आमच्या वॉर्डात गाद्या उन्हात टाकल्या की खालून गोळ्या सांडायच्या. ओरडू नका, पण समोर उभं राहून गिळताना बघा. गोळ्या पोटात जाऊनही १८ च असेल तर डायलिसिस पुरतंय का ते तपासायला सांगा. चोवीस तासांची लघवी आणि काढलेलं पाणी गोळा करून ती तपासणी होते. तीन बॅगांच्या चार कराव्या लागतील कदाचित. तुमच्या दिवसाचं काय होईल ते मला कळतं.

हाडांचा आकडा सगळ्यात वाईट आहे. पीटीएच ७८०, फॉस्फरस ६.९. पीटीएच हा गळ्यातल्या ग्रंथींचा हार्मोन. मसुराच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात त्या, फॉस्फरस वाढला आणि किडनीकडून मिळणारं सक्रिय व्हिटॅमिन डी आटलं की त्या चवताळतात आणि हाडातलं कॅल्शियम ओढून काढतात. हाडाच्या टोकाशी असलेली वाढीची मऊ चकती यात बिघडते, पुढे पाय वाकतात. आणि इथे तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला सापडलं : 'सगळ्या गोळ्या सकाळी उपाशीपोटी एकदम देते, म्हणजे विसरायला होत नाही.' ताई, फॉस्फरसची गोळी उपाशीपोटी वाया जाते. ती जेवणातला फॉस्फरस आतड्यातच पकडून ठेवायची गोळी आहे, जेवणच नसेल तर पकडणार काय? ती पहिल्या-दुसऱ्या घासाबरोबर, प्रत्येक जेवणाला. लोहाची गोळी कॅल्शियमपासून दोन तास लांब. डबीवर स्केचपेनने 'जेवताना' असं लिहून ठेवा. फक्त या एका बदलाने महिना-दोन महिन्यांत फॉस्फरस उतरलेला मी पाहिला आहे.

हिमोग्लोबिन ८.६, ते ११ च्या आसपास हवं. रक्त वाढवायच्या इंजेक्शनचा डोस बघायला सांगा, बाकी त्यावर लिहीत नाही.

आता तुमच्या मुख्य प्रश्नावर. नणंदेच्या मिस्टरांनी वाचलं ते अगदीच खोटं नाही, शिळं आहे. वाढीचा हार्मोन पूर्वी खरंच मृत व्यक्तींच्या मेंदूखालच्या ग्रंथीतून काढायचे, आणि त्यातून काहींना मेंदूचा असाध्य आजार झाला. १९८५ साली ते बहुतेक ठिकाणी बंद पडलं. त्याच वर्षापासून तो प्रयोगशाळेत, सूक्ष्मजीवांकडून तयार करून घेतात. किडनीच्या आजारातल्या मुलांसाठी अमेरिकेत त्याला १९९३ साली मान्यता मिळाली, म्हणजे तुमच्या लग्नाच्या आधीपासून वापरात आहे.

गंमत अशी, की तुमच्या मुलाच्या अंगात हा हार्मोन कमी नसतो. असतो भरपूर, पण किडनीच्या आजारात शरीर त्याचं ऐकत नाही. म्हणून बाहेरून जास्त देऊन त्याला ऐकायला लावायचं. पेनसारख्या सुईने, रोज रात्री, कातडीखाली. डोस वजनावर, किलोमागे साधारण ०.०४५ ते ०.०५ मिलिग्रॅम. पहिल्या वर्षी न घेणाऱ्या मुलांपेक्षा सरासरी तीन-चार सेंटिमीटर जास्त वाढ मिळते, पुढे वेग थोडा ओसरतो. डायलिसिसवरच्या मुलांत परिणाम जरा कमी दिसतो, हेही सांगून ठेवते. त्याने किडनी लवकर खराब होते असं दिसलेलं नाही, आणि प्रत्यारोपण झालं की ते थांबवतातच.

पण, आणि हा पण मोठा आहे, पीटीएच ५०० च्या वर चढून बसलेलं असताना ते सुरू करत नाहीत. त्या हाडांना पळायला लावलं तर ती मोडकळीला येतात. भूक मारलेल्या, आंबटाई भरलेल्या अंगावर ते टोचलं तर पैसे पाण्यात. म्हणून वर इतकं लांबण लावलं. सुरू करण्याआधी डोळ्यांचा पडदा तपासतील, साखर बघतील, खुब्याचा एक्स-रे काढतील. डाव्या मनगटाचाही काढतील. त्यावरून हाडांचं वय कळतं, आणि या मुलांचं ते बहुतेक मागेच असतं. दहा वर्षांच्या मुलाची हाडं सात-आठ वर्षांची निघाली तर घाबरू नका, तेवढी वर्षं हातात शिल्लक आहेत. इंजेक्शन चालू असताना डोकं दुखून उलट्या झाल्या, दिसायला धूसर लागलं, किंवा खुबा-गुडघा दुखून लंगडायला लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. महाग आहे, खरं आहे. तुमच्या रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा, ट्रस्टची मदत कुठून मिळते ते त्यांना पाठ असतं. नुसत्या 'महाग असतंय म्हणे'वर सोडू नका.

किडनी बसली की उंची आपोआप वाढते का? सहा वर्षांच्या आतल्या मुलांची बऱ्याचदा वाढते, मागचं थोडं भरूनही निघतं. दहाव्या-अकराव्या वर्षी बसली तर मूल साधारण आपल्या रेषेला धरून वाढतं, मागची तूट राहते. या मुलांना मिसरूड फुटायला दोनेक वर्षं उशीर होतो आणि वयात येतानाची ती शेवटची उसळीही आखूड असते. त्यामुळे प्रत्यारोपणाच्या दिवशी जी उंची, तीच पुढच्या हिशेबाची मुद्दल. हे वर्ष म्हणूनच वाया घालवायचं नाही.

त्या वर्षात दोन गोष्टी करून घ्या. एक, मूत्राशयाची तपासणी. पडद्याच्या आजारात मूत्राशयही ताठरलेलं असतं, आणि त्याची नीट व्यवस्था न लावता नवी किडनी बसवली तर तिचंही तेच होतं. दोन, प्रत्यारोपणाच्या टीमला विचारा, "स्टेरॉइड किती दिवस देणार?" नवी किडनी अंगाने नाकारू नये म्हणून देतात ते रोजचं स्टेरॉइड हा वाढीचा शत्रू. युरोपातल्या एका मोठ्या चाचणीत काही मुलांचं चौथ्या दिवशी स्टेरॉइड थांबवलं, ती सहा महिन्यांत इतरांपेक्षा जास्त वाढली, विशेषतः जी वयात आली नव्हती ती. प्रत्येकाला ते जमत नाही, पण दिवसाआड देता येईल का, लवकर कमी करता येईल का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. सासूबाईंचं म्हणाल तर कायद्याच्या दृष्टीने आजी ही जवळची नातेवाईक, अवयवदानाला परवानगी देणाऱ्या समितीची अडचण येऊ नये. त्यांना माझा नमस्कार सांगा. शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसते, कागद आत्ताच जमवायला लागा.

शाळेचं. बाईंना जाऊन भेटा, रागाने नको. त्यांना ससा लहान हवा होता आणि हा समोर दिसला, इतकंच. त्यांना सांगा, हा दहा वर्षांचा आहे, पाचवीची सगळी कामं याला द्या. घरातही बघा, तुम्ही त्याच्याशी कसं बोलता. पत्रात पाच ठिकाणी 'बाळ' आहे आणि धाकटीचं मात्र नाव आहे. बॅगेची नोंदवही उद्यापासून त्याला लिहू द्या. किती सोडलं, किती निघालं, रंग कसा. पाचवीतल्या मुलाला वजाबाकी येते. आणि कपडे. सहा वर्षांच्या मापाचा शर्ट घ्यायला गेलं की छातीवर हत्ती नाहीतर मोटारगाडी असते. दहा वर्षांच्या मुलाला तो हत्ती किती लागत असेल! बार्शीत शिंपी आहेत, चौकटीचं कापड घ्या, कॉलरचा शर्ट शिवून घ्या, खिसा मोठ्या माणसासारखा. पोटाची नळी झाकायला आतून एक पट्टी लावून देतात, सांगितलं की.

शेवटी पेन्सिलीने लिहिणाऱ्याला.

तुझं अक्षर छान आहे. कबड्डी नको. पोटावर गुडघा बसला तर नळी दुखावेल, मग तुलाच आठवडाभर दवाखान्यात पडून राहावं लागेल. विहिरीत, नदीत पोहायचंही नाही. पण क्रिकेट आहे, बॅडमिंटन आहे, सायकल आहे. पकडापकडी, लपाछपी खेळायला तर काहीच हरकत नाही, पळताना दम लागला तर थांबायचं. आणि त्यांना आधीच सांगायचं, मी लिंबूटिंबू नाही. राज्य आलं तर घ्यायचं.